धर्माचा विषय निघाला की समजूतदार माणसंही बचावात का जातात? आणि चर्चा घ्यायचीच असेल तर कशी घ्यावी?

दादरचा_वाचक

नमस्कार मंडळी. दादरला आमचं छोटं वाचकमंडळ आहे. महिन्यातून एकदा सोसायटीच्या हॉलमध्ये पंधरा-सोळा जण जमतात. वारकरी घरातले आहेत, बौद्ध आहेत, वसईचं एक ख्रिस्ती जोडपं आहे, दोघं-तिघं स्वतःला नास्तिक म्हणवतात. राजकारणावर कडाडून भांडणं होतात आणि नंतर सगळे एकत्र चहा पितात. धर्माचं मात्र तसं होत नाही. साधा प्रश्न विचारला तरी समोरच्याचा सूर बदलतो, नाहीतर सगळे एकदम गप्प होतात. ती शांतता जास्त जड जाते.

पुढच्या बैठकीला 'श्रद्धा आणि कर्मकांड' हा विषय ठरतोय. माणसं इतकी का दुखावतात, हे मुळातून समजून घ्यायचंय. शिवाय दोन तासांची बैठक नेमकी कशी आखावी, तेही सांगा. 'एकमेकांचा आदर करा' इतकंच नको, ते सगळ्यांना माहीत आहे.

मुलुंडची_समुपदेशक

बचावात जाणं म्हणजे श्रद्धा कच्ची असणं, हा समज आधी काढून टाका. बहुतेक वेळा तुम्ही विचारता एक आणि समोरच्यापर्यंत पोचतं दुसरंच.

नवसाचं उदाहरण घ्या. कुणी विचारतं, "नवस बोलल्याने आजार बरा होतो, असं तुम्हाला खरंच वाटतं?" विचारणाऱ्याच्या लेखी हा कार्यकारणभावाचा प्रश्न. ज्याला विचारलं त्याच्यासमोर मात्र आईचं ऑपरेशन उभं राहतं, वॉर्डाबाहेर बाकावर काढलेली रात्र उभी राहते, आणि आई घरी आल्यावर नवस फेडायला जेजुरीला गेलेलं अख्खं घर. "नाही, तसं काही नसतं" असं तो म्हणाला, तर त्या रात्री ज्याच्या आधाराने तो उभा राहिला तेच खोटं ठरतं. वडील ठरतात अडाणी, नवस बोलणारी आत्या ठरते भाबडी. इतकं सगळं एका होकार-नकारावर कोण सोडेल?

धार्मिक बोलण्यात चार धागे एकत्र वळलेले असतात: एखादा दावा (देव आहे, पुनर्जन्म आहे), एखादी कृती (उपवास, नमाज, वंदना), नातं (कुलदैवत, आजीने शिकवलेली आरती) आणि अडचणीच्या वेळी मिळालेला आधार. प्रश्न दाव्याला असतो, ओढ बसते चारही धाग्यांना. राजकारणात बहुतेक वेळा पहिले दोनच धागे असतात. म्हणून तुमच्याकडे तिथे भांडून चहा जमतो.

संशोधन काय सांगतं? मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ साली मांडलं की मनात दोन विसंगत गोष्टी एकत्र आल्या की अस्वस्थता येते, आणि ती घालवायला माणूस सर्वांत सोपी वाट धरतो. श्रद्धेच्या बाबतीत प्रश्न विचारणाऱ्यालाच खोटं ठरवणं ही ती सोपी वाट. जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये दुसरी बाजू दाखवली: आपलं स्वातंत्र्य कुणी काढून घेतंय असं वाटलं की माणूस तीच गोष्ट अधिक घट्ट धरतो. म्हणून "हे सोडून द्या" म्हटल्यावर काल ढिला पडलेला उपवास आज कडक होतो.

२०१६ साली अमेरिकेत ४० जणांच्या मेंदूचे स्कॅन करून पाहिलं गेलं. जिव्हाळ्याच्या मतांना आव्हान दिल्यावर 'मी कोण' याच्याशी जोडलेले भाग जास्त जागे झाले. हा अभ्यास धार्मिक नव्हे, राजकीय मतांवरचा होता, त्यामुळे तो श्रद्धेला जपूनच लावावा.

एक ऐकीव गोष्ट मात्र सोडून द्या. पुरावा दिला की माणूस उलट आणखी हट्टाला पेटतो, असं २०१० नंतर सगळीकडे सांगितलं जाऊ लागलं. पुढे ५२ मुद्द्यांवर दहा हजारांहून अधिक लोकांची चाचणी झाली, तेव्हा हा परिणाम जवळपास सापडलाच नाही. तेही मुद्दे राजकीयच होते, तरी धडा उपयोगी आहे. माहिती सांगायला घाबरू नका. ती कुठल्या सुरात आणि किती जणांसमोर सांगता, तिथे चर्चा फसते.

शरीराकडेही लक्ष ठेवा. जोडप्यांच्या भांडणांचा अभ्यास करणारे जॉन गॉटमन सांगतात की नाडी मिनिटाला १०० च्या वर गेली की समोरचं नीट ऐकू येत नाही, आणि शांत व्हायला निदान २० मिनिटं लागतात. कान लाल झाले, बोलणं भरभर झालं, एकच वाक्य तिसऱ्यांदा आलं, की त्या क्षणी कितीही चांगला मुद्दा मांडलात तरी तो वाया जातो.

परळकर

वरचं विवेचन पटलं, पण सगळं मनातच घडतं असा समज होऊ नये. मुंबईत धर्माविषयीचा प्रश्न क्वचितच नुसता प्रश्न असतो. भाड्याने घर बघायला गेल्यावर "तुमच्यात नॉनव्हेज चालतं का?" हे कशासाठी विचारतात, ते सगळ्यांना कळतं. आडनाव विचारून मग थोडं थांबणं, हेही कळतं. असे प्रश्न वर्षानुवर्षं ऐकलेला माणूस तुमच्या हॉलमध्ये येतो, तेव्हा सावधपणा सोबत घेऊनच येतो. त्याला अतिसंवेदनशील म्हणू नका. अनुभवाने शिकवलेलं शहाणपण आहे ते.

म्हणून कोण कोणाला विचारतंय, याला फार महत्त्व आहे. तुमच्या मंडळातल्या बौद्ध सभासदाला कुणी सहज विचारलं, "तुम्ही गणपती का बसवत नाही?" बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये त्याचं उत्तर स्पष्ट आहे. त्यामागे कित्येक पिढ्यांनी सोसलेला अपमान आहे. दरवेळी नव्या माणसाला तो पहिल्यापासून समजावत बसणं थकवणारं असतं. ख्रिस्ती जोडप्याला "तुमचे पूर्वज कधी बाटले?" असं विचारलं तर शब्दच अपमानाचा आहे, विचारणाऱ्याचा हेतू शुद्ध होता म्हणून तो पुसला जात नाही.

संख्येने मोठ्या गटातल्या माणसालाही लागतं, पण वेगळ्या जागी. त्याला वाटतं, आपलीच श्रद्धा कायम चाचणीला का? ही तक्रार थट्टेवारी नेऊ नका. 'कर्मकांड' हा विषय ठेवून सगळी उदाहरणं सत्यनारायण आणि श्राद्धाचीच निघाली, तर ती तक्रार रास्तच ठरते.

नास्तिक मित्रांनाही हेच सगळं लागू आहे. "मग लग्नात मंगलाष्टकं कशी चालली?" असं विचारून बघा, तेही तितक्याच तडफेने बचावात जातात. विवेकवाद हीसुद्धा एक ओळख आहे, आणि अनेकांनी ती घरच्यांशी झगडून मिळवलेली असते.

गोरेगावचा_सूत्रधार

बैठकीचं बोलतो. सोळा जण आणि दोन तास धरून चाला.

खुर्च्या गोल मांडा. समोरासमोर रांगा केल्या की आपोआप दोन पक्ष पडतात. पहिली ५ मिनिटं नियमांना. नियम तीनच ठेवा: रेकॉर्डिंग नाही, "तुमच्यात असं असतं ना?" हे वाक्य नाही, आणि कुणीही 'आज उत्तर देणार नाही' म्हणू शकतो, त्याला कारण विचारायचं नाही. रेकॉर्डिंगचा नियम सर्वांत महत्त्वाचा. तीस सेकंदांचा तुकडा ग्रुपवर फिरला की संदर्भ गळून पडतो. जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने धार्मिक भावना दुखावण्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद आहे (पूर्वीचं २९५अ). मोकळ्या चर्चेला ते लागू होईल असं मी म्हणत नाही, पण त्याची धास्ती डोक्यात असली की कुणी मोकळेपणाने बोलत नाही.

मग पहिली फेरी: प्रत्येकी २ मिनिटं, एकूण ३२. प्रश्न असा: "तुमच्या घरातली एक धार्मिक रीत सांगा, पाळत असलेली किंवा सोडलेली. ती कशी करतात किंवा करायचे?" इथे 'का' विचारू नका. 'का' विचारलं की माणूस वकिलासारखा बाजू मांडू लागतो. 'कसं' विचारलं की तो वर्णन करतो, आणि वर्णन करताना स्वतःच्या शंकाही सांगून जातो. या फेरीत कुणीही प्रतिप्रश्न करायचा नाही. फेरीची सुरुवात नास्तिक किंवा अल्पसंख्य सभासदापासून करू नका, तो नमुना बनतो. सूत्रधाराने स्वतःपासून करावी.

पुढची २५ मिनिटं दोघादोघांच्या जोड्या. काम एकच: जोडीदाराचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडायचं, आणि तो "हो, हेच म्हणायचंय मला" म्हणेपर्यंत थांबायचं नाही. ही आपल्याकडची जुनी शिस्त आहे. आधी पूर्वपक्ष (समोरच्याचं म्हणणं), मगच उत्तरपक्ष (आपलं उत्तर). न्यायशास्त्राने (कायद्याने नव्हे, जुन्या भारतीय तर्कशास्त्राने) चर्चेचे तीन प्रकार वेगळे केलेत: सत्य शोधण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प, आणि स्वतःचं काही न मांडता नुसतं खोडत राहायचं ती वितंडा. सोसायटीच्या हॉलमध्ये बहुतेक वेळा जल्प सुरू होतो आणि वीस मिनिटांत त्याची वितंडा होते. पूर्वपक्षाची अट घातली की ही घसरण बरीच लांबणीवर पडते.

त्यानंतर २० मिनिटं चहा. तो शेवटी ठेवू नका. गॉटमन यांची वीस मिनिटं इथेच कामाला येतात. उरलेली ३८ मिनिटं मोकळी चर्चा.

फसतं कुठे? पहिलं, जाणकार सभासद श्लोक किंवा आयत उद्धृत करून विषय बंद करतो. त्याला विचारा, "याचा तुमच्या रोजच्या वागण्यात काय फरक पडतो?" दुसरं, विनोद. धार्मिक विषयात एखादा टोमणा हशा मिळवतो आणि ज्याला लागला तो उरलेला तासभर गप्प बसतो. तिसरं, विषय फार मोठा होतो. 'श्रद्धा आणि कर्मकांड' हे शीर्षक मला धोक्याचं वाटतं, कारण त्यातच निकाल लावलेला आहे: श्रद्धा चांगली, कर्मकांड वाईट.

छोट्या, हाताला लागणाऱ्या प्रश्नावर माणसं जास्त शहाणपणाने बोलतात. "पीओपीची मूर्ती आणणारे पर्यावरणाचे शत्रू" म्हटलंत तर लालबाग-परळ अंगावर येईल. "घरगुती मूर्ती किती उंचीची, शाडूची की पीओपीची, विसर्जन कृत्रिम तलावात की समुद्रात, निर्माल्य कुठे?" असं विचारलंत तर तीच माणसं सांगतील की शाडूची मूर्ती जड असते, नेताना तडकते, आणि पीओपी स्वस्त पडतं पण पाण्यात लवकर विरघळत नाही. भक्तीचा प्रश्न निघालाच नाही, तर भक्तीचा बचाव करायची वेळ येत नाही.

दादरचा_वाचक

फार उपयोगी. शीर्षक बदलतो. दोन शंका: चर्चेत कुणी भडकलंच तर त्या क्षणी काय म्हणायचं? आणि बैठकीनंतर व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुन्हा पेटलं तर?

मुलुंडची_समुपदेशक

भडकलेल्या माणसाला "शांत व्हा" म्हणू नका, ते हुकमासारखं लागतं. "यातलं काहीतरी तुम्हाला लागलं. माझा प्रश्न चुकीच्या जागी गेला का?" असं विचारा आणि थांबा. उत्तर आलं नाही तरी चालेल, फक्त लगेच दुसऱ्याला बोलायला लावू नका. नंतर जिन्यात किंवा फाटकाशी एकट्याने भेटा. चारचौघांत मागे हटणं कुणालाच जमत नाही.

ग्रुपवर या विषयाला उत्तरच देऊ नका. तिथे सूर कळत नाही आणि प्रेक्षक मात्र सगळे असतात. फोन करा.

गोरेगावचा_सूत्रधार

आमंत्रणाचा मजकूर हवा असेल तर हा घ्या: "रविवारी संध्याकाळी ५ ते ७. विषय: आमच्या घरातली एक रीत, ती कशी करतात आणि तिच्यात काय बदललं. कुणालाही काही सिद्ध करायचं नाही. सांगायचं नसेल तर नुसतं ऐकायला या. फोन पिशवीत. चहा सहाच्या सुमारास."