पावडर कोटिंगआधी सस्पेन्शनचे बुश काढायलाच हवेत का?

मागचंचाक:
गाडीचे पुढचे लोअर आर्म (चाक धरणारे खालचे दांडे) आणि मागची सबफ्रेम (बॉडीखालची चौकट) उतरवून ठेवली आहे. गंज वरवरचा आहे, पत्रा शाबूत. सँडब्लास्ट करून काळी पावडर मारून घ्यायची आहे. अडलंय ते बुशपाशी, म्हणजे सांध्यांतल्या गाद्यांपाशी. रबरी आहेत, बाहेरून लोखंडी कवच, मधे बोल्टची नळी, प्रेसने दाबून बसवलेले. चिरा नाहीत. टेप गुंडाळून तसेच भट्टीत गेले तर चालेल का? माझ्याकडे प्रेस नाही. व्हाइस आणि सॉकेटचा डबा आहे. आणि सबफ्रेमच्या बुशवर बाण कोरलेला आहे, तो कशासाठी?

लेथवाला:
काढायलाच हवेत. टेप रबराला पावडरपासून वाचवते, उष्णतेपासून नाही. पावडर पक्की व्हायला धातूच साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो आणि १० ते २० मिनिटं तसाच राहावा लागतो. एवढ्यात रबर कडक होतं, कवचापासून सुटतं. वरून ठीक दिसेल, हीच खरी पंचाईत. शिवाय तापलेलं रबर तेलकट वाफा सोडतं आणि बुशच्या कडेलाच पावडर खराब होते. पॉलियुरेथेनचीही तीच गत.

बाण म्हणजे बुश कोणत्या दिशेने बसवायचा त्याची खूण. अशा बुशच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवतात, म्हणून तो एका दिशेला मऊ आणि दुसऱ्या दिशेला कडक असतो. फिरवून बसवलात तर गाडीचं वागणंच बदलेल. काढण्याआधी फोटो घ्या, जवळच्या एखाद्या बोल्टच्या भोकाशी बाणाची दिशा ताडून लिहून ठेवा. कवच दोन्ही बाजूंना किती बाहेर आहे तेही कॅलिपरने मोजा. मार्करच्या खुणेवर विसंबू नका, ब्लास्टिंगमध्ये उडते.

काढायला जाड आट्यांचा रॉड, नट आणि जाड वॉशर घ्या. ढकलायच्या बाजूला कवचापेक्षा किंचित लहान सॉकेट, झेलायच्या बाजूला कवच आरामात आत जाईल एवढा पाईपचा तुकडा. जोर कवचावरच. मधल्या नळीवर दिलात तर रबर फाटून नळी तेवढी हातात येते आणि कवच जागच्या जागी. बुशच्या दोन्ही बाजूंच्या कानांमध्ये (त्याला धरणाऱ्या पट्ट्यांमध्ये) मोकळी जागा असेल तर तिथे मापाचा तुकडा घाला, नाहीतर कान वाकतील. वाकलेल्या आर्मला चकचकीत पावडर मारून काय करणार?

हटलंच नाही तर ड्रिलने रबर पोखरून नळी काढा, हॅकसॉचं पातं आत घालून कवचाला लांबीभर चीर द्या. शेवटचा पापुद्रा राहू द्या आणि छिन्नीने कड आत वळवा. पातं आर्मला लागता कामा नये.

धडाकेबाज:
एवढा खटाटोप कशाला? गॅसचा टॉर्च लावा, रबर जळतं, नळी आपोआप खाली पडते.

लेथवाला:
पडते, आणि कवच तिथेच राहतं. म्हणजे चीर द्यायचं काम चुकलं नाहीच, वर विषारी धूर गिळला तो वेगळा. काही बुशच्या आत द्रव असतो. बंद जागेत तो तापला की बुश फुटतो. आर्म अॅल्युमिनियमचा असेल तर टॉर्चचं नावच नको, धातूची ताकद जाते. तशा आर्मला भट्टीचं तापमान सोसेल का, हेही आधी कंपनीच्या मॅन्युअलमध्ये बघावं.

पावडरवाली:
कोटिंगच्या बाजूने सांगते. बुश निघाला की रिकामं भोक झाकायला विसरू नका. थर ६० ते १०० मायक्रॉनचा बसतो. भोकात तो दोन्ही अंगांनी बसणार, म्हणजे व्यास ०.१२ ते ०.२ मिलिमीटरने घटतो. प्रेस फिटचा, म्हणजे दाबून घट्ट बसवण्याचा, सगळा हिशोबच तेवढ्यावर असतो. मग नवा बुश अडतो, नाहीतर पावडर खरवडत आत जातो आणि उघड्या कडेला गंज धरतो. सिलिकॉनचे प्लग किंवा उष्णता सोसणारी पॉलिस्टर टेप लावायला सांगा.

बोल्टचं डोकं टेकतं ती जागा आणि सबफ्रेम बॉडीला टेकते ती जागाही झाकायची. बोल्टखाली पावडर दबत जाते आणि आवळ सैल पडते. बॉल जॉइंट असतील तर तेही काढून द्या. हुक कुठे अडकवायचा ते तुम्हीच दाखवा, अर्थिंगसाठी तिथे धातू उघडाच राहतो. आणि ‘बुश आम्ही काढतो’ असं कोणी म्हणालं तर कसे काढता ते विचारा. काही जण सरळ जाळतात.

मागचंचाक:
आर्म लोखंडाचेच आहेत, चुंबक चिकटतो. रॉड-सॉकेटने पहिला बुश कुरकुरत का होईना, निघाला. नवे बसवताना ग्रीस लावू?

लेथवाला:
साधं ग्रीस नको, खनिज तेलाने रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरे. बुश आधी फ्रीझरमध्ये ठेवा, कवच जरासं आकसतं. काढलेले परत बसवू नका, कितीही चांगले दिसले तरी. आणि मधल्या नळीचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून. आर्म लोंबकळत असताना आवळलेत तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.