आलियानोच्या मातीच्या घळींसाठी बूट कुठले?

एप्रिलमध्ये साताऱ्याहून चौघं दक्षिण इटलीत चाललोय. आधी आलियानोच्या 'कलांकी' घळी, मग मेतापोंतोचा पाइनच्या सावलीतला किनारा. अजिंक्यताऱ्यावरचे बूट चालतील का?

— कोरड्यात चालतील. पाऊस झाला की विसरा! आपला काळा कातळ पाणी पीत नाही. तिथली चिकणमाती पिते, फुगते, तळव्याच्या खाचा भरतात आणि पकड जाते. खोल, विरळ खाचांचे बूट घ्या. माती वाळेपर्यंत घळीत उतरूच नका. कडेवरही उभं राहू नका, खालून पोखरलेली असते.

— दादांशी सहमत. घळीत सावली नाही, माणशी तीन लिटर पाणी हवंच. किनाऱ्यावर पाइनवरच्या केसाळ अळ्या वसंतात रांगेनं खाली उतरतात. हात लावू नका, केसांनी अंगावर पुरळ उठतं.