कूलंट कमी होतंय, पण गाडीखाली थेंब नाही

जुन्या पिकअपचं कूलंट कमी होतंय आणि खाली डाग नाही, एवढ्यावरून थेट हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) खोलायला काढू नका. बारीक गळती गरम इंजिनवरच वाळून जाते. मागे पांढरट किंवा रंगीत पापुद्रा उरतो, तो टॉर्च घेऊन शोधा. वॉटर पंपाच्या खालचं छोटं भोक आणि रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीचा सांधा आधी बघा.

तरी सापडलं नाही तर झाकणाच्या जागी प्रेशर टेस्टर (हवा भरून दाब दाखवणारा हातपंप) लावा. इंजिन पूर्ण थंड हवं. कूलंटच्या झाकणावर छापलेल्या दाबापर्यंतच हवा भरा, बहुतेक गाड्यांत तो 1 बारच्या आसपास असतो, आणि थोडा वेळ थांबा. काटा उतरला पण बाहेर सगळं कोरडं, तर केबिनमधलं कार्पेट चाचपा. ओल, गोडसर वास, आतून धूसर होणारी काच म्हणजे बहुधा हीटर कोर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) गळतोय. तिथेही काही नसेल तेव्हा हेड गॅस्केटचा संशय घ्या, आणि तोही कूलंटमध्ये ज्वलनाचे वायू येतात का हे तपासूनच.

गळती बुजवणारं औषध मात्र कृपया ओतू नका. हीटर कोरच्या अरुंद नळ्या त्यानेच तुंबतात.

झाकणाचं रबर कडक झालं असेल तर तेही बदला. दाब टिकला नाही की कूलंट लवकर उकळून ओव्हरफ्लोच्या नळीतून निघून जातं.