‘धर्मनिरपेक्ष पाद्री’ कसे बदलू?

तलावपाळी: एका विद्यार्थिनीचा प्रबंध तपासतेय. विषय सतराव्या शतकातलं ठाणे-वसई, मेहनत चांगली. पण पान ४१वर लिहिलंय, “नियमित पाद्री आणि धर्मनिरपेक्ष पाद्री यांच्यात तंटे होत.” नियमित पाद्री म्हणजे दुधासारखे रोज येणारे का? इंग्रजी ‘रेग्युलर’, ‘सेक्युलर’ कोशातून जसेच्या तसे उतरलेत. खोडलंय, पण वर काय लिहू?

जुनीपोथी: ‘रेग्युलर’ लॅटिन ‘रेगुला’वरून, म्हणजे संघाचा नियम. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन, जेजुइट हे त्यात. दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतात, वरिष्ठ आपल्या संघाचा. ‘सेक्युलर’ हे ‘सेक्युलुम’वरून: युग, पुढे ‘हे जग’. जगात राहून बिशपच्या हाताखाली काम करणारा. धर्म सोडलेला नव्हे! कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने (१५४५–६३) बिशपचा अधिकार वाढवला, पण इकडे बरीच गावं संघवाल्यांच्या हाती. तंटे व्हायचेच.

खाडीपलीकडे: आमच्या वसईत शब्द आहेत की. डायोसिस, म्हणजे बिशपच्या हाताखालचा प्रदेश, तो धर्मप्रांत; त्यातली एकेका चर्चची पॅरिश म्हणजे धर्मग्राम. म्हणून सेक्युलर ते ‘धर्मप्रांतीय’, रेग्युलर ते ‘व्रतस्थ’.

तलावपाळी: धर्मप्रांतीय घेतला. पण व्रतस्थ? ब्रह्मचारी तर धर्मप्रांतीयही असतात.

जुनीपोथी: असतात, पण दारिद्र्याचं व्रत त्यांना नाही, स्वतःची मालमत्ता ठेवू शकतात. तरी शंका रास्त आहे. ‘संघीय’ म्हणावं तर ठाण्यात लोक भलतंच समजतील. मी ‘संघस्थ’ म्हणेन.

खाडीपलीकडे: खरा घोळ ‘पाद्री’ या शब्दाचा आहे. भट, गुरव, गोसावी, महंत यांची आपण कधी गल्लत करत नाही, पण झगा दिसला की सगळे पाद्री. १३२१ साली ठाण्यात चौघे मारले गेले, त्यांना ‘जेजुइट पाद्री’ म्हणताना मी ऐकलंय. जेजुइट संघालाच पोपची मान्यता १५४०ची! ते चौघे फ्रान्सिस्कन. त्यातही तिफ्लिसचा देमेत्रियस नुसता व्रतबंधू, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) करण्याचा अधिकारच त्याला नव्हता. आणि ‘पाद्री’ हा शब्द तर पोर्तुगिजांबरोबर आला, त्यानंतर दोनशे वर्षांनी.

तलावपाळी: तिने हेही लिहिलंय, पान ९. ‘चार पाद्री’. तिथे ‘चार फ्रान्सिस्कन’ करते. फ्रायरला, म्हणजे फ्रान्सिस्कनांसारख्या संघातल्या माणसाला, ‘भिक्षू’ चालेल?

जुनीपोथी: माधुकरी मागून जगणारे म्हणून अर्थ जुळतो, पण वाचकाला लेण्यातले बौद्ध भिक्षू दिसतील. ‘फ्रायर’च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत समजावून सांगा.

तलावपाळी: ठीक. पान ४१: “संघस्थ आणि धर्मप्रांतीय धर्मगुरू यांच्यात तंटे होत.” आता पान ५३, “ठाण्यात फ्रान्सिस्कनांचं कॉन्व्हेंट होतं.” समासात लिहिलंय: मठ कर, नाहीतर परीक्षक विचारतील, मुलींचं की मुलांचं.