शब्दचर्चा : नायिकेला ‘अचानक शक्ती’ मिळाली, म्हणजे नेमकं काय मिळालं?
(चर्चा नाशिककरांची; बोलणाऱ्याच्या नावाऐवजी तो शहरातल्या कुठल्या भागातला, ते दिलं आहे.)

पंचवटी (प्रश्न) :
एका विज्ञानपटाच्या परीक्षणातलं वाक्य आहे : ‘नायिकेला अचानक मिळालेल्या शक्ती विश्वसनीय वाटत नाहीत.’ कथा अशी : प्रयोगशाळेतलं रसायन रक्तात जातं आणि काही मिनिटांत ती एका हाताने मोटार उचलते, दुसरी भिरकावते, पिस्तुलाची गोळी चुकवते, सहाव्या मजल्यावरून पडणारं मूल झेलते. इथे ‘अचानक’, ‘शक्ती’ आणि ‘विश्वसनीय’ हे तिन्ही शब्द नीट बसतात का? ‘ताकद’ किंवा ‘सिद्धी’ बरं पडेल का?

गंगापूर रोड :
आधी ‘शक्ती’ घेऊ. शाळेच्या मराठी विज्ञानात बल, ऊर्जा आणि शक्ती या तीन वेगळ्या राशी आहेत. बोलताना आपण तिन्हींना ताकदच म्हणतो, पण प्रसंग कुठे फसलाय ते या फरकावरूनच कळतं.

1000 किलोची मोटार 1 मीटर उचलायला सुमारे 9,800 ज्यूल लागतात, म्हणजे जेमतेम 2.3 किलोकॅलरी. स्नायू त्यांना मिळालेल्या ऊर्जेचा पाव भागच कामी लावतात असं धरलं तरी चमचाभर साखरेत भागतं. म्हणून ‘एवढी ऊर्जा आली कुठून?’ हा आक्षेप इथे लागू नाही. खरी अडचण शक्तीची, म्हणजे ते कार्य किती वेळात झालं याची. अर्ध्या सेकंदात उचलली तर जवळजवळ 20 किलोवॉट, 26 अश्वशक्ती! तीच मोटार 5 सेकंद घेऊन उचलली तर आकडा 2 किलोवॉटच्या आत येतो, आणि अव्वल ट्रॅक सायकलपटू काही सेकंदांपुरती तेवढी शक्ती देतात.

मग उरतं बल. 9,800 न्यूटन मनगटातून, खांद्यातून, मणक्यातून खाली उतरणार. रसायनाने फक्त स्नायू बळकट केले आणि कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), हाडं जुनीच राहिली, तर कंडरा हाडापासून उखडेल. पटकथेत त्याबद्दल अवाक्षर नाही. नायिकेने फक्त मागची बाजू उचलली असती तर निम्म्याहून जास्त भार पुढच्या चाकांवर राहिला असता आणि प्रसंग कितीतरी सुसह्य झाला असता.

मोटार भिरकावण्याचं तर विचारूच नका. 1000 किलो सेकंदाला 5 मीटर वेगाने पुढे गेले, तर संवेग (वस्तुमान गुणिले वेग) अक्षय्य राहायला 55 किलोची नायिका सेकंदाला 90 मीटरने मागे जायला हवी. म्हणजे ताशी सव्वातीनशे किलोमीटर! तिचे पाय जमिनीत रोवलेले असतील तरच ती जागेवर राहील. डांबरावर नुसत्या बुटांचं घर्षण पुरणार नाही.

जुनं नाशिक :
सर, तुम्ही सांगताय ती उणीव अष्टसिद्धींनी आधीच भरून काढली आहे. गरिमा म्हणजे हवं तेवढं जड होणं. मोटार फेकणारीला आधी गरिमा लागते, मग बाकीचं. लघिमा याच्या उलट.

पण परीक्षणात ‘सिद्धी’ नको. सिद्धीमागे साधना असते, ती कमवावी लागते. आयतं मिळतं ते वरदान. आणि पुराणांतल्या वराला अट असते. हिरण्यकशिपूच्या वरात दिवस-रात्र, आत-बाहेर अशा किती अटी आहेत पाहा, आणि कथा त्या अटींच्या फटीतूनच पुढे सरकते. या नायिकेच्या सामर्थ्याला मर्यादाच नाही. वाचक-प्रेक्षकाला न पटण्याचं ते मोठं कारण आहे.

कॉलेज रोड :
एक दुरुस्ती. सिद्धी केवळ साधनेने मिळते असं नाही. पतंजलीच्या योगसूत्रांत कैवल्यपादाच्या, म्हणजे चौथ्या भागाच्या, पहिल्याच सूत्रात तिचे पाच उगम दिले आहेत : जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी. रसायनाने सामर्थ्य येण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. तरीही ‘सिद्धी’ टाळावा हे मान्य, कारण आजच्या वाचकाला त्यात अध्यात्मच दिसेल.

देवळाली कॅम्प :
‘अचानक’कडे शरीराच्या बाजूने पाहू. काही सेकंदांत जे होतं ते असलेल्या क्षमतेचं मोकळं होणं : ॲड्रेनलिनमुळे हृदयाचे ठोके वाढतात, यकृतातून साखर रक्तात येते. पेशींनी नवी प्रथिनं तयार करून परिणाम दिसायला तास लागतात. स्नायू वाढायला आठवडे-महिने. म्हणून क्रियापद जपून निवडा. ‘शक्ती जागी झाली’ म्हणजे ती आधीपासून होती. ‘शक्ती आली’ म्हणजे बाहेरून आली, आणि मग वेळेचा हिशोब द्यावा लागतो. ‘संचारली’ म्हटलं की अंगात येण्याची छटा चढते.

गोळीचंही सांगते. वेगवान चेतातंतूंत संदेश सेकंदाला 100 मीटरच्या आसपास धावतो, म्हणजे मेंदूतून पायापर्यंत एक-दोन शतांश सेकंद. डोळ्यांना दिसल्यापासून हालचाल सुरू होईपर्यंत मात्र साधारण 0.2 सेकंद जातात, आणि तेवढ्यात सेकंदाला 350 मीटर वेगाची गोळी 70 मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे ‘तिचे चेतातंतू वेगवान झाले’ हे चित्रपटातलं स्पष्टीकरण चुकीच्या जागी बोट ठेवतं. खोळंबा डोळा आणि मेंदूत आहे. मारेकऱ्याच्या खांद्याची हालचाल वाचून ती आधीच बाजूला झाली असती, तर मला पटलं असतं.

सिडको :
मूल झेलण्याचा प्रसंग राहिला. 20 मीटरवरून पडणारं मूल खाली येईपर्यंत सेकंदाला 20 मीटर वेग घेतं. नायिकेने ते ताठ हातांवर 10 सेंटिमीटरमध्ये थांबवलं, तर मंदन (वेग कमी होण्याचा दर) गुरुत्वाच्या सुमारे 200 पट. हात पोलादी असून उपयोग नाही, मूल वाचत नाही. थांबण्याचं अंतर 2 मीटर केलं की तेच 10 पटीवर येतं. रंगपंचमीला आपल्याकडे रहाडीत, म्हणजे रंगीत पाण्याच्या हौदात, धप्पा (उडी) मारतात तेव्हा पाणी हेच अंतर देतं, तिथे फरशी असती तर हाडं मोडली असती. तिने मुलाबरोबर खाली जात, गुडघे मोडत झेलायला हवं होतं.

पंचवटी :
मग असं लिहिलं तर? ‘नायिकेत एकाएकी जागं झालेलं अमानुष सामर्थ्य विश्वसनीय वाटत नाही.’

जुनं नाशिक :
‘अमानुष’ अजिबात नको ताई, मराठीत तो क्रूरतेसाठी रुळला आहे. ‘अतिमानवी’ लिहा. ‘विश्वसनीय’ बातमीला किंवा सूत्राला शोभतो, प्रसंग ‘पटतो’ किंवा ‘पटत नाही’. आणि रसायन बाहेरून आलंय, तेव्हा ‘जागं झालेलं’ नाही, ‘आलेलं’.

देवळाली कॅम्प :
‘एकाएकी’ ठेवा, आक्षेप नेमका त्यावरच आहे. पुढे कारणही जोडा : ‘नायिकेत एकाएकी आलेलं अतिमानवी सामर्थ्य पटत नाही, कारण स्नायूंबरोबर तिची हाडं, तिचं वजन आणि तिचे डोळे बदललेले दिसत नाहीत.’ मूल झेलण्याचा दोष स्वतंत्र वाक्यात घ्या, तो सामर्थ्याचा नाही, झेलण्याच्या रीतीचा आहे.