पिठोरा, कोराज आणि मानगढ: आठवीच्या वर्गाला कसे शिकवावे?

प्रश्न (शिक्षिका, दांडिया बाजार, वडोदरा):
आमचा आठवीचा वर्ग छोटा उदेपूरकडे जाणार आहे. तेजगढची आदिवासी अकादमी, कोराजच्या डोंगरावरील शैलचित्रे आणि जमल्यास एखाद्या राठवा आदिवासी कुटुंबाच्या घरचा पिठोरा, म्हणजे भिंतीवर काढलेले देवाचे चित्र, पाहावा, असा बेत आहे. सहलीआधी पिठोऱ्याची चित्रस्पर्धा घ्यावी, असे शाळेत सुचवले गेले. परंतु ज्या घरात तो देव म्हणून मानला जातो, त्यांना हे कसे वाटेल, हा विचार मनातून जात नाही. वर्गात राठवा मुलेही आहेत. आपण काय कराल?

उत्तर १ (निवृत्त शिक्षक, कारेलीबाग):
ताई, शंका रास्त आहे. स्पर्धा घेऊ नका. पिठोरा नवस फेडण्यासाठी घरातल्या भिंतीवर काढला जातो. कुमारिका ती भिंत सारवून पांढऱ्या मातीने तयार करतात, लखारे (चित्र काढणारे) घोडे आणि देव रेखाटतात, आणि बडवा (पुजारी) येऊन आकृत्यांची ओळख पटवतो, तेव्हाच विधी पुरा होतो. मुलांना हा क्रम आणि त्यामागचा नवस आधी समजावा. घोडा हुबेहूब काढणाऱ्याला बक्षीस देऊन यातले काहीच पोहोचत नाही. घरात शिरण्यापूर्वी आणि छायाचित्र घेण्यापूर्वी घरधन्याला विचारावे, आणि तो नाही म्हणाला तर कारण न विचारता परत फिरावे. शैलचित्रांना हात लावू देऊ नका, रंग उठून दिसावेत म्हणून त्यांवर पाणीही शिंपडू देऊ नका.

उत्तर २ (पालक, मांजलपूर):
सरांशी सहमत आहे. एक विनंती: राठवा मुलांना वर्गासमोर उभे करून ‘तुमच्याकडे काय करतात ते सांगा’ असे म्हणू नये. त्यांना स्वतःहून बोलावेसे वाटले, तर जरूर बोलू द्यावे.

उत्तर ३ (इतिहासाचे शिक्षक, वडोदरा):
सहलीत नसले, तरी मानगढ वर्गात अवश्य शिकवा. गुजरात-राजस्थान सीमेवरील या टेकडीवर १७ नोव्हेंबर १९१३ रोजी, भिल्लांचे धर्मसुधारक गोविंद गुरू यांच्या धुणीभोवती (पवित्र अग्निकुंडाभोवती) जमलेल्या भिल्लांवर ब्रिटिश आणि संस्थानी फौजांनी गोळीबार केला. धुणीची जागा आजही श्रद्धेची आहे, म्हणून तेथे पूजा आणि इतिहास वेगळे काढता येत नाहीत. मृतांची संख्या लोकस्मृतीत सुमारे १५०० सांगितली जाते, सरकारी कागदांत ती फारच कमी आहे. हे आकडे कोणी, कोणत्या हेतूने नोंदवले, यावर एक तास खर्च करा. आठवीच्या मुलांना तो प्रश्न नीट पेलतो.