मदत हवी आहे: अहमद हिल्मी पाशांबद्दल वाचायला काय मिळेल?

आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात मला पॅलेस्टाइनच्या अहमद हिल्मी पाशांवर बोलायचं आहे. १९३० साली जेरुसलेममध्ये सुरू झालेल्या अरब बँकेशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. संस्थापक अब्दुल हमीद शोमान हे त्यांचे जावई. पुढे शेतकऱ्यांच्या जमिनी हातच्या जाऊ नयेत म्हणून उभारलेल्या 'उम्मा फंडा'चं कामही हिल्मींनी पाहिलं. मला सगळ्यात जास्त रस याच भागात आहे, कारण ब्रिटिश अमदानीत जमीन टिकवायची तर नुसत्या सभा पुरत नव्हत्या, रोकडही लागत होती.

१९३७ मध्ये इंग्रजांनी त्यांना इतर नेत्यांबरोबर थेट सेशेल्स बेटांवर हद्दपार केलं. सप्टेंबर १९४८ मध्ये गाझात जाहीर झालेल्या अखिल पॅलेस्टाइन सरकारचे ते पंतप्रधान. हाती ना सैन्य, ना खजिना, आणि थोड्याच दिवसांत मुक्काम कैरोला! इतक्या मोठ्या माणसाबद्दल मराठीत काही सापडत नाही, याचं फार वाईट वाटतं.

या फंडाच्या कामावर किंवा सेशेल्समधल्या दिवसांवर मराठी, हिंदी, इंग्रजी काहीही असेल तर कृपया सुचवा. आखातात राहणाऱ्या कुणाला अरबी वाचता येत असेल, तर दोन-तीन पानं समजून घ्यायला मदत कराल का?